गिऱ्हाइकाशी बोलायचे शब्द

जाहिदाच्या हाताला सफाई होतीच, पण गिऱ्हाईक टिकायचं ते तिच्या जिभेमुळं. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतलं तिचं ब्लाउज शिवायचं दुकान म्हणजे मधे पडदा लावलेली एक खोली. तरी अंगानं थोराड बायका पार मंगळवेढ्याहून एसटीनं तिच्याकडं यायच्या. माप घेताना ती आकडा कधी तोंडानं म्हणत नसे, खडूनं कापडावरच टिपायची. जाड, लठ्ठ, सुटलेली, हे शब्द त्या दुकानात कुणी ऐकले नव्हते.

"अंग भरीव आहे ताई," ती म्हणायची. "काठाचं कापड असल्याच अंगावर बसतंय की. काटकुळ्यांना शिवायचं म्हणजे हँगरला शिवल्यासारखं." बाई आरशात स्वतःकडं जरा निराळ्या नजरेनं बघायची, आणि पुढच्या लग्नसराईला बहिणीलाही घेऊन यायची.

हे शब्द मराठी होते. घरात जाहिदा दखनी बोलायची.

तिची मुलगी अरिबा कॉलेजातून आली की हुक लावायला दुकानात बसे. दोन वर्षांत तिचं अंग सुटलं होतं. थंडीत दुधनीचे पाहुणे तिला बघून गेले आणि मागून 'लडकी भारी है' एवढाच निरोप आला. तेव्हापासून जाहिदाच्या तोंडाला धरबंध राहिला नाही. ताटात आणखी एक भाकरी पडली की 'बोरी', म्हणजे पोतं, चालताना पाय वाजले की 'हथनी'. अरिबा उलटून बोलत नसे. लागतंय तर लागू दे, जाहिदाला वाटायचं. लागल्याशिवाय ही खाणं कमी कशाला करेल?

एप्रिलात एका दुपारी राजेश्वरीबाई आल्या. शाळेत शिकवायच्या, जाहिदाच्या जुन्या गिऱ्हाईक. भाच्याचं लग्न तोंडावर आलं होतं, पण चेहरा उतरलेला. फोटोला मागं उभं राहा, असं भावजयीनं त्यांना चारचौघांत सांगितलं होतं.

"त्यांना म्हणावं, माझ्यामुळं फोटो भरतो तुमचा," जाहिदा म्हणाली. राजेश्वरीबाई हसल्या, डोळे पुसले आणि ब्लाउज घालून बघायला पडद्याआड गेल्या.

तेवढ्यात अरिबा चहा घेऊन आली. मशीन आणि कपाट यांच्यामधून निघताना तिचा धक्का लागून टाचण्यांची डबी खाली पडली, टाचण्या फरशीभर झाल्या.

"सरक ना गे भैंस," जाहिदा म्हणाली, "पूरी खोली तूच भर दी."

सवयीनं बोलली ती. आवाजसुद्धा चढलेला नव्हता. पडद्यामागची बांगड्यांची किणकिण थांबली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. अरिबापेक्षा राजेश्वरीबाई अंगानं थोराडच होत्या.

त्या बाहेर आल्या. खाली वाकून टाचण्या वेचणाऱ्या अरिबाकडं बघत राहिल्या, मग जाहिदाकडं वळल्या.

"आणि मी गेल्यावर मला काय म्हणता?"

मागच्याच आठवड्यात जेवताना जाहिदा म्हणाली होती की त्या मास्तरीणबाईच्या एका ब्लाउजात दुसऱ्या दोघींचे दोन निघतात. अरिबा तेव्हा समोरच बसलेली होती.

"काही नाही म्हणत, काकू," अरिबा मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला अम्मी कधीच काही म्हणत नाही."

राजेश्वरीबाईंना ते पटलं नाही. अर्धा शिवलेला ब्लाउज त्यांनी तसाच पिशवीत घातला. निघताना अरिबाच्या खांद्याला हात लावला आणि चहा न घेताच गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. हळूहळू त्यांच्या शाळेतल्या बाकीच्या बायकाही यायच्या बंद झाल्या.

मुलगी आपल्यासाठी खोटं बोलली, हे जाहिदाला गिऱ्हाईक गेल्याहून जास्त टोचलं. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तिनं काहीतरी चांगलं बोलायचं मनाशी धरलं. घरच्या बोलीत शोधून पाहिलं, तर तिथं या अंगासाठी एकही बरा शब्द सापडेना. तिच्या आईनं तिच्या थोरल्या बहिणीला जे म्हटलं होतं, तेच सगळं. शेवटी ती मराठीत म्हणाली, "अरिबा, तुझं अंग भरीव आहे गं. छान आहे."

अरिबानं दोरा दातानं तोडला. "मी गिऱ्हाईक नाही, अम्मी," ती म्हणाली आणि पुढचा हुक लावायला घेतला.

त्यानंतर जाहिदानं तिला वाईट बोलणं सोडलं. पण चांगलंही काही तोंडून येईना, तेव्हा दोघींमधलं बोलणंच आटलं. बकरी ईदेसाठी जाहिदानं हिरवं कापड आणून ठेवलं होतं. अरिबानं माप दिलं नाही. मुलांची शिकवणी घेऊन मिळवलेल्या पैशातून तिनं बाजारातून तयार कुर्ता आणला.

"दुकानात काय म्हणाले?" जाहिदानं विचारलं.

"जाड्यांचं तिकडं हाय, म्हणाला तो माणूस."

"मग तू?"

"गेले तिकडं. तो सगळ्यांना तेच सांगत होता."

ईदेच्या सकाळी तिनं तो घातला. खांद्यात ढगळ होता, छातीत ओढत होता, बाहीची शिवण चुकलेली होती. न राहवून जाहिदा टाचण्या घेऊन उठली. अरिबानं ओढणी खांद्यावरून नीट पसरून घेतली आणि शीरखुर्म्याची वाटी घेऊन शेजारी द्यायला निघून गेली.