एकशे अठरा ठोके

लेबर रूममध्ये पाऊल टाकताच घड्याळवालीनं एका हातानं पोट धरलं आणि दुसरा हात भिंतीकडे करून म्हणाली, "ते सात मिनिटं मागे आहे."

"राहू दे ना गं मागे," सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला कुठे गाडी गाठायचीय?"

घड्याळवाली म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारी. बाजारातल्या एका जिन्याखाली तिचं कपाटाएवढं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून ती दिवसभर लोकांच्या वेळेत नाक खुपसून बसायची. घड्याळ उघडण्याआधी ते कानाशी धरायची. निम्मा आजार तिथेच कळायचा. घरात मात्र हा कान कुणाला मानवला नव्हता. लग्नानंतर चौथ्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत तिनं सासूबाईंच्या लाडक्या घड्याळाला 'लंगडं' म्हटलं होतं. सासूबाईंनी घड्याळ बदललं नाही, पण तेव्हापासून त्या सुनेसमोर चमचासुद्धा जपून वाजवायच्या.

हे दुसरं बाळंतपण. पहिलं दोन वर्षांपूर्वी, ह्याच खोलीत, ह्याच घड्याळाखाली. मुलगी होती. शेवटपर्यंत मशीन मजेत वाजत होतं, आणि ती बाहेर आली ती गप्पच. "ठोके तर छान होते," असं जो तो म्हणत राहिला, जणू मुलीनंच दिलेला शब्द फिरवला. तेव्हा नवरा आत होता. या वेळी तो दारापर्यंत आला आणि त्याचे पाय तिथेच संपले. म्हणून आत सासूबाई.

सिस्टरनं पोटावर पट्टा बांधला. पट्ट्याखालच्या चकतीनं बाळाचे ठोके पकडायचे आणि मशीननं ते खोलीभर वाजवायचे, अशी व्यवस्था. टपटप सुरू झाली. एकशे चाळीस. हलकी, घाईची, छोट्या मनगटी घड्याळासारखी. घड्याळवाली तीन तास त्या आवाजाला धरून होती. कळ आली की सासूबाईंचा हात आवळायची, आणि सासूबाई तिच्याऐवजी ओरडायच्या.

दुपारी दोनच्या सुमाराला तिनं कूस बदलली आणि आवाज गेला. सिस्टरनं चकती जरा सरकवली. आवाज परत आला.

"आले बघा. एकशे अठरा. मस्त."

घड्याळवालीनं डोळे मिटले. हा आवाज जड होता, लोलकाच्या घड्याळासारखा. सवयीनं तिचं बोट स्वतःच्या मनगटावर गेलं. मशीनचा ठोका, मनगटाचा ठोका. मागेपुढे नाही. एकदम.

"सिस्टर, हे माझे आहेत."

"काय तुमचे?"

"ठोके."

"ताई, इथे सगळं तुमचंच आहे. जोर लावा."

"अहो, मशीन माझंच हृदय वाजवतंय! बाळाचं कुठेय?"

सिस्टर वाईट नव्हती. पडद्यापलीकडे तिच्या आणखी दोघी कण्हत होत्या. "कळांमध्ये वाटतं असं काहीबाही," ती म्हणाली. "काल एक ताई मला सारखी 'मामा, मामा' म्हणत होती."

तेव्हा सासूबाई उठल्या. "बाई, हिचं मनगट धरा."

"आजी, मशीन आहे ते..."

"माझ्याही घड्याळावर माझा असाच विश्वास होता. लंगडंच निघालं ते. तीन वर्षं सगळीकडे उशिरा पोचतेय, पण हिला कबूल केलं नाही. आज करते. धरा मनगट."

सिस्टरनं मनगट धरलं, नजर मशीनवर ठेवली. अर्ध्या मिनिटात तिच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली. तिनं डॉक्टरीणबाईंना हाक मारली आणि चकती पोटावर खाली, आणखी खाली दाबत नेली. बराच वेळ नुसती खरखर. मग खोलातून एक आवाज आला, थकलेला, थांबत थांबत. बहात्तर, मघाच्या निम्म्यावर.

डॉक्टरीणबाई आल्या. त्या एकदाही 'छान' म्हणाल्या नाहीत. "आता वाट बघायची नाही," म्हणाल्या. बाळाच्या डोक्याला वाटी लावून ओढायचं ठरलं. पुढच्या दोन कळांमध्ये घड्याळवालीनं अंगात होतं नव्हतं ते सगळं लावलं, आणि मुलगा बाहेर आला. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. रंग शाईचा. गप्प.

त्याला कोपऱ्यातल्या दिव्याखाली नेलं. तिला फक्त पाठी दिसत होत्या, म्हणून तिनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळ मागे होतं, पण सेकंदकाटा खरा होता. ती मोजत राहिली. एकेचाळिसाव्या सेकंदाला गंजलेलं बिजागर कुरकुरावं तसा आवाज आला. मग पुन्हा. मग चांगला मोठ्यानं.

सिस्टरनं कागद घेतला, भिंतीकडे बघून 'दोन' लिहिलं आणि थांबली. "ताई, किती मागे म्हणालात?"

"सात."

तिनं सात मिनिटं पुढची वेळ लिहिली.

मुलगा आईच्या छातीवर आला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे.

"मागच्या वेळी," त्या हळूच म्हणाल्या, "शेवटपर्यंत वाजत होतं, ते..."

"माहीत नाही, आई. तेव्हा मी मनगटाला हात लावला नव्हता."

सासूबाई भिंतीकडे गेल्या. स्टूल ओढून त्यावर चढल्या. "आजी, पडाल!" सिस्टर ओरडली. त्यांनी घड्याळ उतरवलं आणि आणून सुनेच्या पायाशी ठेवलं.

"सवडीनं एवढं नीट कर," त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. भिंतीवर घड्याळाच्या जागी एक पांढरा गोल उरला होता. त्या बराच वेळ तिकडेच बघत होत्या.