एकाच नंबरच्या दोन गाड्या

पौडच्या एसटी स्टँडमागे इस्माईल तांबोळीचं गॅरेज होतं. माणसं वाहणाऱ्या वडापच्या जीपा, ट्रॅक्टर, भातगिरणीची इंजिनं, सगळं तिथं यायचं. पण चार गावांत त्याचं नाव झालं होतं ते एका गाडीपायी. रजनीताई खासनीसांची त्रेसष्ट सालची मर्सिडीज. राखाडी रंगाची, डिझेलवर चालणारी, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना माशाच्या परांसारखा पत्रा वर उचललेला. कोळवण खोऱ्यात तिला सगळे ‘शेपटीवाली’ म्हणत.

गाडी मुळात रजनीताईंच्या वडिलांची, डॉक्टर अण्णासाहेबांची. कोळवणात त्यांचा दवाखाना होता आणि तीस वर्षं त्या खोऱ्यात दुसरा डॉक्टर नव्हता. ते गेल्यावर रजनीताई पुण्यात कॉलेजात शिकवत राहिल्या, पण शनिवार-रविवार कोळवणच्या घरी यायच्या आणि वडिलांच्या गाडीतून एक चक्कर मारल्याशिवाय परत जायच्या नाहीत. गाडीची देखभाल आधी इस्माईलचे वडील साबीर उस्ताद करायचे. ते गेल्यावर पंधरा वर्षं इस्माईलनं ती तळहाताच्या फोडासारखी जपली. सुटे भाग मागवताना प्रत्येक चिठ्ठीवर गाडीचा चॅसी नंबर लिहावा लागे. तो नंबर त्याला पोरांच्या जन्मतारखांपेक्षा पक्का पाठ होता.

२००३ च्या पावसाळ्यात तिचं स्टेअरिंग गेलं. अर्धा फेरा फिरवलं तरी चाकं जागची हलेनात. इस्माईलनं स्टेअरिंग बॉक्स खोलला, तर आतले आटे पार झिजलेले. लेथवाल्यानं हात जोडले. मग इस्माईल कुर्ल्याच्या भंगारात दोन दिवस फिरला, पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार गेला. रजनीताईंनी एका विद्यार्थ्याकडून जर्मनीला ईमेल धाडली. उत्तर आलं, डाव्या हाताच्या, म्हणजे स्टेअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचे बॉक्स हवे तितके देतो, उजव्या हाताचा मात्र एकही नाही. इंग्लंडात एकाकडे होता, तो नेमका आठवडाभर आधी विकला गेला.

“मिळेल हो इस्माईल,” रजनीताई म्हणायच्या. “अण्णांची गाडी अशी विटांवर उभी बघवत नाही मला.”

दिवाळी झाली आणि एका रविवारी सकाळी वडापवाला बहिरू गॅरेजात आला. जीपचं इंजिन चालू ठेवूनच ओरडला, “इस्माईलभाई, तुज्या शेपटीवालीची भन बघितली म्या!”

“कुटं?”

“कोळवनाच्या वरच्या वाडीला. धोंडाबाईच्या गोठ्याची भिंत पडली पावसात. वाल्मीक पेंढा हलवत व्हता, तर आतनं ह्योच पत्रा वर आला. आगदी तसाच, माशावानी.”

इस्माईलनं पाने-पक्कड पिशवीत टाकली आणि मोटरसायकलला किक मारली. उजव्या हाताची असली तर बॉक्स मिळाला! वाटेतल्या खाचरांत भाताची कापणी चालली होती, पण त्याचं लक्ष नव्हतं.

धोंडाबाईचा मुलगा वाल्मीक तिशी ओलांडलेला, अबोल माणूस. त्यानं गोठ्याकडे हात केला. “बघा. कुना सायबाची मोडकी गाडी हाय म्हनं. लहानपनापासनं पेंढ्याखालीच हाय. आये कुनाला हात लावू देत न्हाई.”

गाडी तीच होती. साल तेच, मॉडेल तेच, स्टेअरिंग उजवीकडे. कोंबड्यांची घाण आणि धूळ यांच्याखालून राखाडी रंग दिसत होता. इस्माईलचा ऊर आनंदानं भरून आला. पुढून बघितलं तेव्हा मात्र डावा दिवा फुटलेला, मडगार्ड आत दबलेलं, बोनेट मुरगळलेलं. जाळीच्या चेपलेल्या पट्ट्यांत काहीतरी काळं अडकलं होतं. त्यानं ओढून पाहिलं. घोंगडीची लोकर होती.

त्यानं पहारीनं बोनेट उचकटलं. इंजिनामागच्या पत्र्यावर चॅसी नंबर असतो, तो सवयीनं फडक्यानं पुसला आणि वाचला. पुन्हा वाचला. आपण पाठ असलेलाच नंबर म्हणतोय असं वाटून त्यानं एकेका आकड्यावर बोट ठेवलं.

नंबर रजनीताईंच्या गाडीचा होता. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. एका नंबरच्या दोन गाड्या कारखान्यातून निघत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

“तू साबीरचा न्हवं?”

मागे धोंडाबाई उभी होती. सत्तरीची, वाळलेली, नजर मात्र धारदार.

“व्हय. ही गाडी कुनाची, आजी?”

“तुला ठावं न्हाई? तुज्या बापानंच तर हितं आनून ठिवली.”

वाल्मीक पेंढा उचलता उचलता थांबला.

धोंडाबाई दगडावर बसली आणि सांगू लागली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. “बहात्तर साल. संक्रांत चार दिवसांवं आल्ती. ह्याचा बाप, विश्राम, घोंगडी पांघरून दूध घालाया निगाला. दाट धुकं. खालच्या वळनावं डाक्तराची गाडी आली. उडावलं आन् थांबली बी न्हाई. रस्त्यावं काचा सापडल्या. फौजदार म्हनला, असला दिवा खोऱ्यात येकाच गाडीला. डाक्तर म्हनला, माजी गाडी म्हमईला दुरुस्तीला गेलीया. तीन म्हैन्यांनी गाडी आली ती धडधाकट. दिवा शाबूत, वरखडा बी न्हाई. मग कोन काय म्हननार?”

“दुसरी गाडी आनली,” इस्माईल पुटपुटला.

“दुसरीच. दिवा, पत्रा मागवला आसता तर नाव उगडं पडलं आसतं, म्हून आख्खी गाडीच आनली. हिचा नंबर तिच्यावं तुज्या बापानं ठोकला. आन् ही कापून भंगारात घालाया त्येला सांगितली. त्येचा हात चालंना. बैलं जुपून हितं आनली, लई रडला. म्हनला, वैनी, ही साक्ष ऱ्हाऊ दे. ज्या दिशी वाटंल त्या दिशी दाव.”

“मग दावली का न्हाई?” हे वाल्मीक म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता.

“कुनाला दावू? तू चार म्हैन्यांचा, घडीघडी फनफनायचास. तापाचं पोर घेऊन मी कुटं जायची? डाक्तर येकच व्हता.”

वाल्मीकनं दाव्याची गुंडाळी जमिनीवर फेकली. “शाळंत मला दारुड्याचं पोर म्हनायची, आये. बाप दारू पिऊन बांधावरनं पडला म्हनायची. तू ऐकत व्हतीस!” तो तरातरा खाचराकडे निघून गेला.

“माळकरी व्हता त्यो,” धोंडाबाई इस्माईलला म्हणाली. “दारूला शिवला न्हाई. पन पोलिसाच्या कागदावं तसं लिवलं, मग गाव बी तसंच म्हनाया लागलं.”

इस्माईल स्टेअरिंग बॉक्स विसरला. मोटरसायकल कशी चालवली हेही त्याला आठवेना. तो थेट रजनीताईंच्या घरी गेला आणि कुणाला हाक न मारता शेडमध्ये शिरला. विटांवरच्या गाडीचं बोनेट उचललं. हा नंबर त्यानं शेकडो वेळा वाचला होता, पण कधी निरखला नव्हता. आता निरखला. आकडे एका ओळीत नव्हते, आणि सातच्या आकड्याचा पाय तुटका होता. आकडे ठोकायचा तो लोखंडी छाप त्याच्याच गॅरेजच्या खणात होता, वडिलांच्या वेळेपासून. तुटका सात. ट्रॅक्टरच्या भागांवर त्यानं स्वतः तो कितीदा ठोकला होता.

पाच वेळा नमाज पढणारा, गिऱ्हाइकाचा एक नटसुद्धा न ठेवणारा त्याचा बाप. इस्माईलनं बोनेट खाली टाकलं. तो मडगार्डला धरून उभा राहिला.

“मिळाला वाटतं बॉक्स!” रजनीताई हसत आत आल्या आणि त्याचं तोंड बघून थांबल्या. “काय झालं?”

त्यानं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

“काहीतरीच काय बोलता!” त्या ताडकन म्हणाल्या. “अण्णा? अण्णांनी पावसात नदी ओलांडून बाळंतपणं केली आहेत या खोऱ्यात. कुणी सांगितलं तुम्हाला हे? कधीची गोष्ट म्हणे?”

“बहात्तरची. संक्रांतीच्या आदी. सकाळी धुक्यात, वाडीखालच्या वळनावं.”

रजनीताईंचा चेहरा उतरत गेला. त्या गाडीच्या मागच्या दाराकडे बघत राहिल्या. मग खाली जमिनीवरच बसल्या.

“वासरू,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मी सोळा वर्षांची होते. मागच्या सीटवर झोपले होते. गाडीला जोरात हिसका बसला आणि मी खाली पडले. विचारलं, अण्णा, काय झालं? ते म्हणाले, काही नाही, वासरू आडवं आलं होतं, गेलं पळून. तू झोप.” त्यांनी तोंडावर हात घेतला. “गाडी परत आली तेव्हा सीटचा वास वेगळा येत होता, इस्माईल. मी आईला म्हटलं होतं तसं. ती म्हणाली, सीटं नवी केली आहेत.”

मग रजनीताई उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, “चला.”

वाडीत पोचल्यावर त्या आधी गोठ्यात गेल्या. फुटक्या दिव्याच्या खळग्यात त्यांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मागचं दार उघडून सीटला नाक लावलं. मग त्या बाहेर आल्या. धोंडाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती.

“मी डॉक्टरांची मुलगी.”

“वळखलं. तोंडावळा हाय.”

“मी त्या गाडीत होते, आजी. मागे.”

धोंडाबाईचं सूप हातातच राहिलं. इतका वेळ न हललेली ती बाई आता हादरली. एकतीस वर्षं ती गाडीत एकच माणूस बघत आली होती.

“तू बगितलंस?”

“नाही. मला वासरू म्हणून सांगितलं. मी विश्वास ठेवला.” रजनीताई तिच्याजवळ खाली बसल्या. “मी काय करू, सांगा. पोलिसात येते. लिहून देते.”

“डाक्तर मेला. पोलीस कुनाला धरनार?” धोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. “पन माजा मालक दारू पिऊन मेला न्हाई. येवढं गावाफुडं बोल. माज्या पोराफुडं बोल. जमंल?”

“जमेल.”

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. त्याच्या आधी रजनीताई इस्माईलला घेऊन पोलिसांकडे गेल्याच. तिथल्या हवालदारानं इतकं जुनं दप्तर सापडणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी तरी जबाब लिहून घ्यायला लावला आणि त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली.

ग्रामसभेला वाडीतली झाडून सगळी माणसं आली. अर्ध्यांची बाळंतपणं अण्णासाहेबांच्या हातची. रजनीताई उभ्या राहिल्या आणि तारखेपासून सुरुवात करून सगळं बोलल्या. वडिलांचं नाव त्यांनी एकदाही गाळलं नाही. वासराचंही सांगितलं. मधेच एक म्हातारा उठला, “मेलेल्या देवमानसाला बदनाम करू नका बाई!” म्हणत काठी आपटत निघून गेला. बाकीचे कुणी हलले नाहीत.

मग इस्माईल उठला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. “नंबर माज्या बापानं ठोकला,” एवढंच तो म्हणाला. बापानं साक्ष जपली असंही त्याला म्हणायचं होतं, पण ते बापाची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. तो तसाच खाली बसला.

विश्रामच्या वयाचा एक जण मागून म्हणाला, “विश्राम पीत न्हवता, हे मला ठावं व्हतं. म्या बोललो न्हाई.” आणि मान खाली घालून बसला.

वाल्मीक खांबाला टेकून उभा होता. सभा संपेपर्यंत त्यानं रजनीताईंकडे पाहिलं नाही. माणसं पांगली तेव्हा तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, “तो कागुद, पोलिसाचा. त्येची येक परत मला बी पायजे. पोरं शाळंत जात्यात माजी.”

रजनीताईंनी पिशवीतून स्वतःची प्रत काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती तिथंच उभ्या उभ्या, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला घेतली. धोंडाबाई शेजारी उभी राहून ऐकत होती, आणि विश्रामचं नाव आलं तसा तिनं पदर डोळ्यांना लावला.