वाकडं मॅगझीन

महारुद्रने गोणपाटाचे गाठोडे नागनाथांच्या ओट्यावर ठेवले आणि आवाज खाली आणला. जुना गोठा पाडताना गव्हाणीखाली ही बंदूक सापडली होती. त्याचे वडील बन्सीधर सांगत होते की ती आजोबांनी, किशनरावांनी, रझाकाराच्या हातून हिसकावलेली स्टेनगन आहे. गुपचूप गोदावरीत टाकून ये, असे त्यांनी त्याला बजावले होते. महारुद्रला ते पटत नव्हते. आजोबांची ही निशाणी मुक्तिसंग्राम दिनी शाळेत मांडावी, असे त्याच्या मनात होते. नागनाथ एकेकाळी पोलिसात होते, म्हणून तो त्यांच्याकडे आला.

“काका, हिचं लायसन निघतंय का?”

गाठोडे सोडण्याआधीच नागनाथांनी समजावले की बारा बोअरच्या शिकारी बंदुकीची गोष्ट वेगळी, तिला परवाना मिळतो. स्टेन म्हणजे घोडा दाबून धरला की मॅगझीन रिकामे होईपर्यंत चालणारे हत्यार. केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ते घरात नुसते असले, तरी सात वर्षांहून कमी शिक्षा नाही. ठाण्यात जमा करावे, एवढाच मार्ग.

मग त्यांनी गोणपाट उलगडले.

गंजलेली नळी, तिच्यावर भोकाभोकांचे आवरण, दुमडणारा लोखंडी दस्ता, डाव्या बाजूला आडवे मॅगझीन. मॅगझीन वाकडे होते. स्टेनचे सरळ असते. हे चौतीस गोळ्यांचे, पोलिसांच्या कार्बाइनचे. आणि कार्बाइन आली तेव्हा रझाकार जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. नागनाथांनी मॅगझीनच्या खाचेजवळचा गंज अंगठ्याने घासला. नंबराचे पहिले अंक दिसताच उरलेले त्यांनी मनातल्या मनात म्हटले. गंजाखाली तेच होते.

चाळीस वर्षांपूर्वी पुराच्या बंदोबस्ताला जाताना त्यांची नाव उलटली होती. बन्सीधरांनी उडी घेऊन त्यांना ओढून काढले. त्यांची सरकारी कार्बाइन मात्र मिळाली नाही. चौकशीत ती विकल्याचा ठपका नागनाथांवर आला आणि नोकरी गेली. त्यांची बायको सरजाबाई लोकांच्या रानात निंदायला जाऊ लागली. तिच्याकडे हत्यारचोराची बायको म्हणून बोट दाखवले जाई. तरीही दर पोळ्याला नागनाथ टॉवेल-टोपी घेऊन बन्सीधरांच्या घरी जात. जीव वाचवणाऱ्याचा मान राखायलाच हवा, असे ते सरजाबाईला सांगत.

नागनाथ गाठोडे घेऊन महारुद्रसोबत त्याच्या घरी गेले. बन्सीधर बाजेवर पडून होते. गाठोडे पाहताच त्यांनी मुलाकडे नजर टाकली आणि सगळे ओळखले.

“बंदुकीचा पट्टा तुझ्या गळ्यात अडकला होता,” ते म्हणाले. “विळ्यानं तोडला. न्हाईतर तू गेलाच होतास.”

“ते बरं केलंस. मग?”

“पाणी उतरल्यावर गाळात घावली.”

“तवा माझी चौकशी चालू होती, बन्सी. तू साक्षीला आलतास.”

आधी हौस वाटली, मग भीती वाटू लागली, उद्या सांगू म्हणता म्हणता नागनाथांच्या बडतर्फीचा हुकूमच आला, असे बन्सीधर पुटपुटले.

“मी चोर ठरलो असतो, नागू.”

“म्हणून मला ठरू दिलंस. आन् दर पोळ्याला माझ्या हातून टोपी घालून घेतलीस.”

बन्सीधरांनी हात जोडले. ते स्वतःसाठी नव्हे, मुलासाठी गयावया करू लागले. घर त्याच्या नावावर होते, म्हणजे हत्यार बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावरच आला असता. बंदूक नदीत गेली असती, तर हे घर सुटले असते. नागनाथांवरचा चोरीचा ठपका मात्र तसाच राहिला असता. त्यांनी महारुद्रच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याला सापडली त्यानेच कळवले, हे मी ठाण्यात, कोर्टात, कुठेही सांगेन, असे त्यांनी त्याला बजावले आणि ठाण्याचा फोन लावायला लावला. महारुद्रने तो लावला आणि नागनाथांच्या हातात दिला.

पलीकडून कोण बोलते आहे, अशी विचारणा झाली.

“शिपाई नागनाथ,” ते म्हणाले. किती वर्षांनी तो शब्द त्यांनी नावाआधी लावला होता. “माझी कार्बाइन सापडली, साहेब.”

“कुठं सापडली?”

नागनाथ वाकले आणि त्यांनी फोन बन्सीधरांच्या तोंडापाशी धरला.