गणूच्या लग्नात गोमाजी गैरहजर

लग्नाची सीडी कोणी शेवटपर्यंत पाहत नाही, हे सत्य २००३ साली महाड-पोलादपुरात सर्वांना ठाऊक होतं. ते शूटिंगवाल्याच्या तोंडावर सांगायची पद्धत तेवढी नव्हती. सीडी घरी येते, शेजारीपाजारी जमतात. हळद संपेपर्यंत सगळे बसतात. मंगलाष्टकं सुरू झाली की पहिला माणूस "जरा गुरं बघून येतो" म्हणून उठतो, तो परत येत नाही. तिसऱ्या सीडीला खोलीत फक्त नवरा उरतो, कारण त्याला उठता येत नाही.

यावर महाडच्या आमोदने सॉफ्टवेअर काढलं. नाव 'हजर'. शूटिंगवाल्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहुण्याचं नाव टाकायचं, की तो पाहुणा लग्नात जिथे जिथे दिसला ती सगळी दृश्यं एकामागून एक सुरू. हवं तर त्याची वेगळी सीडी करून द्यायची. माणूस दुसऱ्याचं लग्न पाहत नसला तरी स्वतःला तासन्‌तास पाहू शकतो, असा या व्यवसायाचा शास्त्रीय पाया होता.

पोलादपूरचा अश्वजित, ज्याने तालुक्यातली निम्मी लग्नं शूट केली होती, तो भागीदार झाला. कंपनीत माणसं दोन आणि दोघेही डायरेक्टर, त्यामुळे चहा आणायला कोणी नव्हतं.

आमोदचे वडील कमलाकर सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी खटपट करून एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात मुलासाठी नोकरी मिळवली होती. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं.

"रविवारी संध्याकाळपर्यंत 'हजर' विकत घेतो म्हणून पाच शूटिंगवाल्यांच्या सह्या आण," ते म्हणाले. "पाच. नाहीतर सोमवारी कारखान्याच्या गेटवर."

पाचच का, हे आमोदने विचारलं नाही. गणिताच्या शिक्षकाशी आकड्यावरून वाद घालायचा नसतो.

उद्घाटन रविवारी दुपारी, पोलादपुरातल्या एका हॉलमध्ये. नमुना म्हणून कुडपणच्या गणूचं लग्न निवडलं होतं. त्यासाठी नवऱ्याची आई, जानकीबाई, दोन दिवस आमोदशेजारी बसली होती. पडद्यावर तोंड दिसलं की ती नाव सांगायची आणि तो टाइप करायचा. बाईची स्मरणशक्ती अफाट. पाठमोऱ्या बायका तिने साड्यांवरून ओळखल्या.

अकरा शूटिंगवाले आले आणि हाताची घडी घालून बसले. कुडपणची मंडळी मात्र टेंपो भरून आली. प्रमुख पाहुणे अर्थात नवऱ्याचे वडील, गोमाजी. त्यांनी फेटा सावरून कॉम्प्युटरसमोर नारळ उचलला. तो कॉम्प्युटरवरच फुटायचा, पण अश्वजितने वेळेवर फरशी दाखवली.

"पहिला मान काकांचा," अश्वजित माईकवर म्हणाला. "काका, नाव सांगा कुणाचंही."

"आता दुसऱ्याचा कशाला? माझाच टाक. गोमाजी."

आमोदने टाइप केलं. कॉम्प्युटरने थोडा वेळ घुरघुर केली आणि भिंतीवरच्या पडद्यावर हातभर अक्षरं आली: 'गोमाजी – गैरहजर.'

गोमाजींनी पडद्याजवळ जाऊन अक्षरं पुन्हा वाचली.

"पोराच्या लग्नात बापूस गैरहजर?" गोमाजी हळूच म्हणाले. मग मोठ्याने. "मंग मांडव कोनी घातला? व्याही कोनाला भेटला? माझा फेटा काय एकटाच फिरत व्हता?"

"गोमाजीदा, तू त्या दिशी कशेडीच्या घाटात अडकला व्हतास वाटतं!" मागून कोणीतरी ओरडलं आणि टेंपोभर माणसं हसून लोळायला आली.

आमोदने 'गोमाजीराव' टाकून पाहिलं. गैरहजर. नुसतं 'गोमा' टाकलं. तोही आला नव्हता.

"अरे, हे कसं शक्य आहे?" अश्वजित त्याच्या कानात कुजबुजला. "या माणसाने मला नवरी दिसू दिली नाही. जिकडे कॅमेरा, तिकडे हा!"

शूटिंगवाले उठू लागले. त्यांच्यातला वडीलधारा, महाडचा सहदेव, बॅग खांद्याला लावत म्हणाला, "पाहुणे आमच्यावर तसेही रुसतात रे बाबा. त्याला मशीन नको." कमलाकर सरांनी घड्याळ पाहिलं आणि मुलाकडे शांतपणे बघितलं. "आठ म्हणजे घरून सव्वासातला निघायला हवं."

अश्वजितने शेवटचा उपाय म्हणून बायकांच्या रांगेकडे धाव घेतली. "जानकीकाकी, तुम्ही सगळ्यांची नावं सांगितलीत. काकांचं राहिलं का?"

जानकीबाईने पदर तोंडाशी धरला. "मी कशी सांगनार?"

"म्हणजे?"

"ती कशी सांगंल?" बायकांची अख्खी रांग एका सुरात म्हणाली. "नवऱ्याचा नाव घेतात का कुठं?"

"मग हे दिसले की काय सांगायचात?"

"सगल्या सांगतात तसाच. गणूचे बापूस."

आमोदने कपाळावर हात मारला. ती जे सांगेल ते त्याने दोन दिवस मान वर न करता टाइप केलं होतं. इंजिनिअर असल्यामुळे अर्थाकडे लक्ष देण्याची त्याला सवय नव्हती. त्याने 'गणूचे बापूस' टाकलं.

'हजर – २१४ दृश्यं.'

नवरीची शहाण्णव होती.

हॉल दणाणला. गोमाजींनी सगळीच्या सगळी लावायला सांगितली आणि गावाने ती पाहिली. गोमाजी आचाऱ्यावर ओरडताना. गोमाजी कॅमेऱ्याला हाताने बाजूला करताना. आपण वरातीत नाचलोच नाही, असं वर्षभर शपथेवर सांगणारे गोमाजी दोन्ही हात वर करून उलट्या दिशेने नाचताना. ते दृश्य तीनदा लावावं लागलं. त्यात दोनदा खुद्द गोमाजींच्या मागणीवरून.

मग बायका उठल्या.

"रंगूचे बापूस टाक रे!"

"आमचे ह्ये बघ, ह्ये!"

"माझ्या धाकल्या जावेचे मोठे दीर टाक, बाबा."

"ते कोण?" आमोदने विचारलं.

"कोन म्हंजे? माझाच मालक ना रे! शाळंत काय शिकवलानी तुला?"

चार बायकांनी 'मामंजी' मागितले आणि चौघींचे मामंजी वेगळे निघाले. आमोदला घाम फुटला, आणि त्या घामातच कंपनीचं भवितव्य दिसलं: कॉम्प्युटरने आधी विचारायला हवं, 'बाई, तुम्ही कोण?' मग शोधायला हवं. गर्दी टेबलापर्यंत आली होती. एस.टी. स्टँडवरचे लोक आवाज ऐकून आत घुसत होते, त्यामुळे बाहेर पडायला निघालेले अकरा शूटिंगवाले दारातून उलटे ढकलले जाऊन पुन्हा खुर्च्यांपाशी आले.

सहदेवने बॅग खाली ठेवली. "दीड तास झाला," तो म्हणाला. "एक माणूस उठला नाही. पोटासाठी पंधरा वर्षं शूटिंग करतोय, हे मी पाहिलेलं नाही." त्याने खिशातून पेन काढलं. "माझ्या कपाटात तीनशे लग्नं पडून आहेत. म्हणजे तीनशे गोमाजी."

त्याने सही केली. मग सात जणांनी केली. एकाने दोनदा केली, ती सरांनी खोडली.

सरांनी सह्या वरून खाली मोजल्या, मग खालून वर मोजल्या. आठच आल्या.

"कारखान्याला नकाराचं पत्र पाठवावं लागेल," ते म्हणाले.

"मी लिहितो, बाबा."

"तू नको. तुझं इंग्रजी वाचून त्यांना वाटेल, तू नोकरी मागतोयस."

सोमवारी सकाळी आठ वाजता आमोद कुडपणला, गोमाजींच्या अंगणात कॉम्प्युटर मांडून बसला होता. पुढे गावातल्या बायकांची रांग, कोणाला काय म्हणतात ते सांगायला आलेली. पहिली एक नवी सून होती. पडद्यावर तिचे सासरे आले. तिने चटकन डोक्यावर पदर घेतला, उठली आणि दाराआड जाऊन उभी राहिली.

आमोदने पडद्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि यादीत एक नवा रकाना उघडला: 'कोणासमोर कोण बसत नाही.'