टकटककाकांचं बोट

“बरोबर!” टकटककाका म्हणाले, आणि आतल्या खोलीत सुनेचे पाय शिलाई मशीनवर थबकले.

बरोबर कुठलं? ‘स्टार्व्ह’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ मरणं. नुसतं मरणं, मग ते कशानेही येवो; उपासमार त्यात फार नंतर शिरली. सून काही इंग्रजीची पंडित नव्हती. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून ती संध्याकाळी काजं करायला बसे, आणि बाहेर हे दोन म्हातारे शब्द घेऊन बसत. ऐकून ऐकून तिला ते पाठ झाले होते. आणि आज सासरे छातीठोकपणे म्हणाले होते, “स्टार्व्ह म्हणजे पूर्वी चोरणं!”

त्यावर काका चक्क बरोबर म्हणाले?

दोघांनी एकाच छापखान्यात मुद्रितं तपासली होती. इंग्रजीचा एक भलाथोरला कोश तिथे छापला गेला, त्यात दोघांची उमेद खर्ची पडली. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. यंत्रांच्या धडधडाटात ओरडणार किती, म्हणून चूक दिसली की टेबलावर दोनदा बोट वाजवायचं. टकटक. काकांचं बोट इतकं कडक, की त्यांना नावच ते पडलं. त्यांची बायको होती तेव्हा तीसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारायची.

छापखाना बंद पडला तेव्हा मालकांनी सासऱ्यांना घड्याळ देऊ केलं. “घड्याळ नको, कोश द्या,” ते म्हणाले. तो कोश आला, आणि त्याच्यामागून हा खेळही आला. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने त्याचा जुना, लोक विसरून गेलेला अर्थ सांगायचा. चुकला की टकटक, आणि चहा त्याने करायचा; बरोबर निघाला तर शब्द टाकणाऱ्याने.

“सिली?” काका एकदा म्हणाले होते.

“पूर्वी भाग्यवान, देवाची कृपा झालेला. आता वेडगळ.”

“मग तू पूर्वीचा की आत्ताचा?”

“तुझ्याशी गाठ पडली तेव्हापासून आत्ताचा!”

काय हसायचे दोघं! मशीनवर बसल्या बसल्या तीही हसायची.

हल्ली मात्र तिला हसू येत नव्हतं. सासरे काहीही सांगत, काका ‘बरोबर’ म्हणत. त्यांचा उजवा हात सतत कोटाच्या खिशात. काय लपवतात खिशात? येताना चपटी असलेली त्यांची पिशवी आज जाताना फुगली होती. म्हाताऱ्याची टिंगल चाललीय, की गोड बोलून काही उपटायचंय?

“तुम्हाला नाही का काही वाटत?” तिने नवऱ्याला विचारलं.

“त्यांची दोस्ती तुझ्या लग्नाआधीची आहे बाई,” नवरा म्हणाला. “तुला ना, दूधवाल्याचाही संशय येतो.”

“दूध पातळ असतं म्हणून येतो!”

सकाळी ती फडताळ पुसायला गेली, तर कोशाची जागा रिकामी. धुळीत तेवढा स्वच्छ चौकोन.

तिने पदर खोचला आणि हातातलं काम टाकून निघाली. काका दोन गल्ल्या पलीकडे, एका खोलीत एकटेच राहायचे. दार त्यांनी लगेच उघडलं. कोश खाटेवरच होता, टॉवेलात गुंडाळलेला.

“काका, हे आमच्या घरातलं आहे.”

“हो. मीच आणलंय. बस.”

“मी बसायला नाही आले. आणि यापुढे तुम्हीही आमच्याकडे बसायला येऊ नका.”

काका खाटेच्या कडेवर टेकले. “छत्री विसरलो होतो मागे,” ते म्हणाले. “न्यायला परत आलो. दार उघडंच होतं, तुझी मशीन चालू होती. तुझा सासरा कोश मांडीवर घेऊन बसला होता. एकेक शब्द काढून बघत होता. आपण सांगितलेला अर्थ, पुस्तकातला अर्थ. आणि स्वतःच टेबलावर बोट वाजवत होता. टकटक. पान उलटायचं, परत टकटक. पोरी, जन्मभर मी त्याच्या चुका काढल्या. पण तो आवाज मला ऐकवेना.”

ती उभीच राहिली.

“मला सांगायचंत तरी.”

“तुझ्या लक्षात आलं नव्हतं?”

चष्मा साखरेच्या डब्यात सापडला होता. मागच्या महिन्यात त्यांनी तिला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. ती हसण्यावारी नेऊन कामाला लागली होती.

“डॉक्टरकडे ने त्याला, अवश्य ने,” काका म्हणाले. “पण कोश घरात नको. आणि माझं येणं बंद करू नकोस. बोट ऐकत नाही म्हणून खिशात कोंबून बसतो मी. तेवढं जमतं अजून.”

कोश तिथेच ठेवून ती परतली. सासरे फडताळासमोर उभे होते.

“माझा कोश?”

“बांधणीला दिलाय, बाबा. पाठ उसवली होती.”

“कुणाला विचारून?” त्यांनी डोळे बारीक केले. “त्या टकट्याने नेला ना? मला संशय होताच. त्याचा डोळा आहे त्याच्यावर.”

“नाही हो. मीच दिला. माझ्यावर रागवा.”

ते रागावले. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकवून बसले, पण काका येईनात. ‘येऊ नका’ हे तिचे शब्द तिलाच आठवले. सासरे दाराकडे बघत, मग रिकाम्या फडताळाकडे, मग पुन्हा दाराकडे. अखेर ती मशीनवरून उठली आणि काकांच्या खुर्चीत जाऊन बसली.

“मी टाकू शब्द?”

“तू?” ते पहिल्यांदाच हसले. “टाक की!”

“सॅड.”

दुःखी हा आत्ताचा. पूर्वीचा अर्थ पोट भरलेला, तृप्त. तिला ऐकून ठाऊक होता. सासऱ्यांचे डोळे छताकडे गेले, तिथून खाली आले.

“सॅड म्हणजे उंच. उंच झाडांना म्हणायचे.”

सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं पत्र्याचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं. ते बोट टेबलावरून आपसूक उचललं गेलं. सासरे त्याच्याकडेच बघत होते. तिने हात ओढून मांडीवर घेतला, दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

“बरोबर,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “हरलीस. जा, चहा टाक.”

“उद्या काकांनाच बोलावते. माझ्याच्याने नाही व्हायचं हे.”

तिने चुलीवर पाणी ठेवलं. बाहेर सामसूम होती. मग टेबलावर बोट वाजलं. एकदाच.

पाणी उकळून वर आलं, तरी हातात चहाचा डबा धरून ती दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभी होती.