शेपटीवरून ओळखलेला शब्द

आमच्या घरात भांडी कुणी घासायची ते इंग्रजी शब्दांवर ठरायचं. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. त्या टेबलाशी बसून जेवला असतात, तर घास घशाखाली उतरला नसता.

बाबांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शब्द तोंडावरून नाही, शेपटीवरून, म्हणजे शेवटच्या तुकड्यावरून ओळखायचा, हा त्यांचा लाडका सिद्धांत. जेवायला बसलं की ते एक शेपटी टाकायचे. 'हूड' म्हणाले की प्रत्येकाने त्या शेपटीचा एक शब्द द्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि तो आला कुठून तेही सांगायचं. चाइल्डहूड, मदरहूड. हे हूड म्हणजे डोक्यावरची टोपी नव्हे. जुन्या इंग्रजीत तो दर्जा, स्थिती. 'लिंग' म्हणजे लहानगं: डकलिंग, आणि डार्लिंगसुद्धा. 'शिप'च्या दिवशी दादा फ्रेंडशिपमध्ये जहाज शोधत बसला, तर बाबा त्याला महिनाभर 'खलाशी' म्हणत होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो. आजही चिडवलं की त्याचे कान लाल होतात.

नियम एकच आणि कडक. अर्थ कुणाला विचारायचा नाही, डिक्शनरी उघडायची नाही. शब्द आपला आपण फोडायचा. विचारणं म्हणजे लबाडी. ज्याला शब्द सुचला नाही, त्याने भांडी घासायची.

भांडी कायम आईच घासायची. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन, घरी आली की दमलेली. "सुचत नाही हो," म्हणायची आणि ताटं गोळा करून उठायची. बाबा तिच्या पाठीकडे बघून आम्हाला म्हणायचे, "तुमच्या आईच्या डोक्यात शेपट्या टिकत नाहीत." आम्ही हसायचो. मीही हसायचे, सांगायला काय हरकत आहे?

तर आईच्या मानेत गाठ आली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. शनिवारी दुपारी आम्ही चौघं जेवत होतो आणि दवाखान्यातून फोन आला. बाबांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"रिपोर्ट आलाय," नर्स म्हणाली. "ग्रॅन्युलोमा आहे. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, सोमवारी सकाळी या. आणि घाबरू नका हं, ग्रॅन्युलोमा म्हणजे..."

"अर्थ सांगू नका," बाबा म्हणाले. "अर्थ आमचा आम्हाला कळतो." आणि त्यांनी फोन बंद केला.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात पुढचं वाक्य ऐकून घेतलं असतं. आमच्या घरात ती लबाडी ठरली असती. माझ्याही मनात आलं नाही की परत फोन लावावा. तिघंही शिकलेसवरलेले, आणि तिघांनीही अक्कल गहाण टाकली होती.

बाबांनी हात पुसला. "ग्रॅन्युल म्हणजे दाणा. लॅटिन. आणि ओमा ग्रीक. मुळात नुसतं होऊन बसलेलं काहीतरी. पुढे वैद्यकात आलं आणि त्याचा अर्थ झाला..." इथे ते थांबले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

थांबायची बुद्धी दादाला झाली नाही. शेपटी पडली होती, पाळी त्याची होती. "कार्सिनोमा," तो म्हणाला. "मेलानोमा. लिम्फोमा." तिन्ही कॅन्सरची नावं. लहानपणापासूनची सवय, शब्द तोंडातून गळत गेले आणि मग त्याला ते ऐकू आले. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

मी आईकडे बघितलं. आपण आत्ता हिच्या समोर बसून हिचं मरण फोडून दाखवलं, अर्थासकट आणि उगमासकट.

आईने पाण्याचा घोट घेतला. "झालं? आले सगळ्यांचे शब्द?"

तिने ग्लास खाली ठेवला.

"आता माझी पाळी. मला सगळ्या शेपट्या येत होत्या. पहिल्या दिवसापासून."

"काय?" बाबा म्हणाले.

"डम. किंगडम, विझडम, बोअरडम. डम म्हणजे आधी न्याय, निवाडा, मग सत्ता, मग नुसती अवस्था. साइड. होमिसाइड, पेस्टिसाइड. लॅटिन, मारणं. सांगू अजून? तुमच्याकडूनच तर ऐकलं सगळं, रोज, लग्न झाल्यापासून. मी मुद्दाम हरत होते."

"मुद्दाम? कशासाठी?"

"नळासाठी. नळ सोडला की तुमचा आवाज ऐकू येत नाही. दिवसभर कानात गाव बोलायचं आणि घरी आलं की तुम्ही. तेवढीच एक जागा होती मला, सिंकसमोरची."

गाठीची बातमी बाबांनी निदान अर्थ लावून तरी झेलली होती. ही झेलायला त्यांच्याकडे काही नव्हतं. खरं सांगते, मला तर त्या क्षणी गाठीचा विसरच पडला. आई हसत हसत हरायची, तेच हसू मला आठवत राहिलं.

"उरलेले दिवस मी ताईकडे काढणार आहे," आई म्हणाली. ताई म्हणजे माझी मावशी. एकटी राहते, जात्याच अबोल. फोनवर सुद्धा 'हं' पलीकडे जात नाही. "तिच्याकडे शांत असतं."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांना रडताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. "जा," ते म्हणाले. "तुला हवं तिथे जा. मी अडवणार नाही. शब्द देतो."

रविवारी आईने कपाटातले कपडे काढले, घड्या घातल्या, बॅग भरली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू बस. मला आवरू दे माझं." दादा तीनदा येऊन "आई, मी ते शब्द..." म्हणाला आणि तिन्ही वेळा तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सोमवारी सकाळी बॅग दादाच्या गाडीच्या डिकीत गेली. दवाखान्यातून परस्पर मावशीकडे जायचं ठरलं.

डॉक्टर बाईंनी आमचे चेहरे बघितले आणि त्याच घाबरल्या. "झालंय काय तुम्हाला?"

बाबांनी घसा खाकरला. "किती दिवस आहेत?"

"कशाला?"

"तिला."

"अहो, काहीतरीच काय! कॅन्सर नाहीये हा. ग्रॅन्युलोमा म्हणजे दाण्यादाण्यांची सूज. जंतू आत शिरला की शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं, ते हे. काही महिने गोळ्या घ्यायच्या, बऱ्या होतील. नर्सने सांगितलं नाही?"

"सांगत होती," आई म्हणाली.

"ओमा..." बाबा पुटपुटले.

"प्रत्येक ओमा वाईट नसतो हो. तुमच्या मानेमागे ही चरबीची गाठ आहे ना? तो लिपोमा. तोही ओमाच. किती वर्षं घेऊन हिंडताय?"

दादा खुर्चीतच ढसाढसा रडायला लागला. मी आईला मिठी मारली आणि सोडेचना. बाबा डॉक्टर बाईंचे आभार मानत सुटले, दरवाजाचेही मानले असते. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा आमचा पडला.

बाहेर गाडीपाशी येईपर्यंत बाबा पार बदलले होते. रंग परत आला होता, आवाज परत आला होता. "चला, घरी चला! जेवायला काहीतरी फक्कड करू. आणि ओमाचं मी आज सविस्तर सांगतो, चूक कुठे झाली ते."

आईने गाडीचं दार उघडलं. "मला ताईकडे सोडा."

"अगं, पण आता कशाला? तुला काही झालेलं नाही!"

"ऐकलं की मी."

"मग?"

आई गाडीत बसली. "मरणार होते तेव्हा जाऊ देत होतात ना? आता जगणार आहे, तर नको?"

बाबांनी दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही नियमाप्रमाणे गप्प राहिलो. आपला आपण फोडायचा.

मावशीच्या दारात आईने स्वतः बॅग उचलली. "गोळ्या वेळेवर घेईन," एवढंच म्हणाली. कधी येणार ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी दादा कामावर गेला, टेबलाशी बाबा आणि मी दोघंच. त्यांनी शेपटी टाकली नाही. जेवण संपलं तसे ते उठले, ताटं गोळा केली आणि सिंकपाशी गेले. साबण कुठे असतो ते त्यांना सापडेना, मी सांगितलं. त्यांनी नळ सोडला आणि नुसते उभे राहिले.

"काहीतरी बोल गं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी बोलले. चांगलं मोठ्याने बोलले.

त्यांनी नळ बंद केला. "काय म्हणालीस?"

"आईची आठवण येते म्हणाले."

बाबांनी ओल्या हाताने डोळे पुसले. "खरंच की गं," ते म्हणाले. "इथे काहीच ऐकू येत नाही."