कोठाराच्या शिडीवरची परीक्षा

आमच्या घरातलं मूल वीड्रियाच्या घळीत कधी जाणार, हे त्याचे आईबाप ठरवत नाहीत. कोठाराची चौकट ठरवते. चौकटीवर माझ्या बापाने ठोकलेला एक खिळा आहे. टाचा न उचलता मुलाचा हात त्या खिळ्याला लागला, की घळीतल्या कड्यांवर ठोकलेल्या शिड्या त्याच्या आवाक्यात आल्या असं समजायचं. या जूनमध्ये माझ्या नातीचा, झोफ्काचा, हात खिळ्याला लागला. तिने अशी आरोळी ठोकली की कोंबड्या दोन दिवस अंडी द्यायला विसरल्या.

आठ वर्षं मी याचीच वाट बघत होतो. घळीतल्या निम्म्या शिड्या आणि साखळ्या मी आणि माझ्या सोबत्यांनी ठोकल्यात. त्यावरून नातीला पुढे घालून वर न्यायचं, एवढी एकच हौस उरली होती. ऑगस्टमधला एक शनिवार ठरला.

शुक्रवारी दुपारी माझी लेक लुदका, जावई रास्त्यो आणि झोफ्का ब्राटिस्लाव्हाहून आले. रास्त्यो माणूस चांगला आहे, पण सपाटीवरचा. त्याची पाठपिशवी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामी करायला लावली. आतून छत्री निघाली.

"जावईबापू, ही कोणासाठी?"

"बाबा, दुपारी वादळ येईल असं सांगतायत."

"म्हणून तर सकाळी सहाला निघायचं! वादळाच्या आधी घळीतून बाहेर पडायचं असतं, आत छत्री धरून उभं नसतं राहायचं."

"राहू दे की," लुदका म्हणाली. "बाहेर आल्यावर जेवायला सावली होईल."

मी छत्री काढून ठेवली. मग सगळ्यांच्या बुटांचे तळवे पालथे करून पाहिले. झोफ्काचं हेल्मेट घट्ट बसतं का ते तिला डोकं गदागदा हलवायला लावून तपासलं. कुठल्या घळीने जाणार आणि किती वाजता परत येणार ते कागदावर लिहून खिडकीला चिकटवलं. डोंगरातल्या बचाव पथकाचा खर्च भरणारा विमा रास्त्योने आधीच, माझ्या बायकोसकट, पाचही जणांचा काढला होता. त्याला बावळट ठरवता येईना, याचाच थोडा राग आला.

"आजोबा, पायरीवर पाय ठेवायच्या आधी काय करायचं, मला पाठ आहे," झोफ्का म्हणाली. "हलवून बघायची. आणि पुढच्या माणसाचे हात बघायचे, तोंड नाही."

"शाब्बास. का?"

"तोंड खोटं बोलतं. हात बोलत नाहीत."

ही सगळी तयारी एवढ्यासाठी, की घळ फक्त चढायची असते. उतरायची परवानगी नाही. मागून माणसं शिडीवर येत असतात, त्यांना ओलांडून खाली यायला जागाच नसते. आत शिरल्यावर 'मला जमत नाही' म्हणून उपयोग नाही. जे जमत नाही ते आदल्या दिवशी आमच्या कोठारात कळलं पाहिजे. तिथे माळ्यावर जायची शिडी आहे. सातव्या पायरीवर थांबायचं, डावा हात सोडून नुसत्या उजव्या हाताच्या बोटांनी दांडा धरून दहापर्यंत मोजायचं, मग उलट हाताने. जो नापास होईल त्याने जंगलातल्या रुंद वाटेने वळसा घालून वर यायचं. घळीत पाऊल टाकायचं नाही. इथे कोणाचा मुलाहिजा नाही. माझी बायको गित्का सहा वर्षांपूर्वी नापास झाली. हात धड होते, पण झरोक्यातून तिला कुंपणापाशी अळंबी दिसली आणि ती दाखवायला बाईसाहेबांनी दोन्ही हात सोडले. तेव्हापासून ती टोपली घेऊन रुंद वाटेने जाते आणि आमच्यापेक्षा खुशीत वर पोचते.

लुदका पास झाली. रास्त्यो चढला, थांबला, शांतपणे दहापर्यंत मोजलं, दोनदा. मी घसा खाकरला आणि "बरं" म्हणालो. झोफ्काने तर वीसपर्यंत मोजलं.

"आता आजोबा!"

"मी कशाला? ही शिडी मीच बनवली आहे."

"सगळ्यांनी द्यायची असते. तूच म्हणालास."

मी चढलो. सातव्या पायरीवर डावा हात सोडला आणि उजवं कोपर दांड्यात अडकवून भराभर मोजायला लागलो.

"आजोबा, कोपर चालत नाही. बोटं!"

"अगं, तेच ते."

"तेच नाही. मी हात बघतेय."

मी कोपर काढलं आणि बोटांनी दांडा धरला. एक. दोन. तीन म्हणेपर्यंत बोटं उघडली. माझ्या मनात नसताना, माझ्या डोळ्यांदेखत उघडली. मी दोन पायऱ्या घसरलो आणि थेट खालच्या वाळल्या गवतात येऊन आपटलो. सगळे हसले, मग गित्का हसत नाही हे बघून थांबले.

"शिडी ओली आहे," मी म्हणालो.

रास्त्यो गेला, फडकं घेऊन आला आणि सातवी पायरी पुसू लागला. फडकं कोरडं ते कोरडंच राहिलं. ते त्याने पाहिलं, मी पाहिलं. त्याने घडी करून खिशात टाकलं. मला तो त्या क्षणी फार आवडला आणि त्याचा फार संताप आला.

"गित्का, तू तरी सांग यांना. माझ्या हाताला काय झालंय?"

"मी काय सांगू? जानेवारीपासून तुझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या मी उघडतेय. विचारलंस कधी, आधीच सैल कशा असतात म्हणून?"

खरं तर मला माहीत होतं. सकाळी बटणं लावतानाही माहीत असायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता स्वतःचं मुसळ मी बाहीत लपवून हिंडत होतो. घळीच्या मधल्या शिडीवर ही बोटं उघडली असती, तर माझ्या खाली त्या वेळी कोण असतं, एवढाच प्रश्न उरला असता.

झोफ्का माझ्याजवळ गवतात येऊन बसली. "मग मी पण नाही जात. तू बरा झालास की जाऊ."

हो म्हणायचा मोह झाला. फार झाला. पण हे बरं होणारं नाही, डॉक्टरकडे न जाताही कळतं असं. आणि खिळ्याला हात पोचलेल्या पोरीला थांबवून ठेवायचं, ते माझ्या हौसेपायी?

"नापास मी झालोय. तू कशाला कच खातेस?" मी उठलो, माझा कमरेचा पट्टा आणि त्याच्या साखळीत अडकवायच्या दोन कड्या खुंटीवरून काढल्या आणि रास्त्योला दिल्या. "एक कडी साखळीत गेल्याशिवाय दुसरी काढायची नाही. ती पुढे, तू लगेच खाली. तिचे हात बघायचे."

"तोंड नाही," रास्त्यो म्हणाला. "कळलं, बाबा."

शनिवारी सकाळी ते तिघे घळीत शिरले आणि मी गित्काबरोबर रुंद वाटेला लागलो. तिने वाटेत अकरा अळंब्या वेचल्या. मी एकही पाहिली नाही. वर पोचून शेवटच्या शिडीच्या तोंडाशी बसलो. आत फोन चालत नाही. पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. माणसं वर येत, "नमस्कार" म्हणत, मी त्यांचे हात बघत होतो.

साडेनऊला एक छोटा हात वर आला. वरची पायरी धरली, हलवून पाहिली, मग बोटं घट्ट मिटली. पाठोपाठ हेल्मेट, मग झोफ्का.

"आजोबा! मी सगळ्या पायऱ्या हलवून बघितल्या. तू ठोकलेली एकही हलत नाही!"

तोवर रास्त्यो आणि लुदकाही वर आले होते आणि नेहमीप्रमाणे पावामधली तळलेली मांसाची कापं आधी निघाली, बूट नंतर. गित्काने काकडीची बरणी माझ्यापुढे धरली. या वेळी झाकण तिने सैल केलेलं नव्हतं.

मी सगळ्यांदेखत ती झोफ्काकडे दिली. "मला उघडत नाही."

तिने जोर लावला, लाल झाली. तिलाही उघडेना. रास्त्यो पुढे झाला, पण तिने त्याला हाताने थोपवलं. मग दोन्ही हातांनी बरणी पोटाशी घट्ट धरून ती माझ्यापुढे बसली.

"मी धरते. तू डाव्या हाताने फिरव."

झाकण उघडलं. पहिली काकडी तिने मला दिली.